ड्राफ्टला जावं की कॉलेजात थांबावं? एका मामांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांचा भाचा अमेरिकेत जन्मला, तिथेच वाढला आणि सध्या डिव्हिजन वन या कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, एका मध्यम कॉन्फरन्समधल्या (विद्यापीठांच्या गटातल्या) संघाकडून बास्केटबॉल खेळतो. दुसरं वर्ष संपत आलंय. गार्ड आहे, उंची ६ फूट ५ इंच, सामन्याला सरासरी १३ गुण, तीन गुणांचे शॉट शंभरात ३४ पडतात. मोसम संपल्या संपल्या एका एजंटाने घरी फोन करून सांगितलं, "यंदाच ड्राफ्टला नाव टाका, दुसऱ्या फेरीत नक्की लागेल." ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. आई म्हणते, आधी डिग्री. वडील म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नको. मुलगा दोघांशीही धड बोलत नाही, मामाशी तेवढा बोलतो. आणि मामांनी मला विचारलंय, "मी त्याला काय सांगू?"

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांत खेळाडू-विकासाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत माझ्यासमोर हाच प्रश्न घेऊन मुलं आणि त्यांचे आईवडील बसलेले असतात. म्हणून आधी माझं मत सांगतो आणि मग त्याची कारणं. भाच्याने नाव टाकायला हरकत नाही, पण पहिल्या फेरीची किंवा हमीच्या कराराची ठोस खूण मिळाली नाही तर मुदतीच्या आत ते मागे घ्यावं. मागे घेण्याचं कारण मात्र डिग्री असू नये. तुमच्या बहिणीला हे आवडणार नाही, पण का ते पुढे लिहितो.

सुरुवात एजंटाच्या वाक्यापासून करू. "दुसऱ्या फेरीत नक्की" हे ऐकायला फार मोठं वाटतं. एनबीएचे ३० संघ, ड्राफ्टच्या दोन फेऱ्या, म्हणजे एकूण ६० नावं. कधी एखाद्या संघाची निवड दंड म्हणून काढून घेतली जाते, त्यामुळे २०२५ मध्ये ५९च झाली. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगार ठरलेल्या तक्त्यावरून येतो. पहिली दोन वर्षं पूर्ण हमीची, पुढची दोन संघाच्या मर्जीची. अगदी ३० व्या क्रमांकाच्या मुलालाही पहिल्या वर्षी वीस लाख डॉलरच्या वर मिळतात, आणि तो जायबंदी झाला तरी ते मिळतात. त्याच्यानंतर काही मिनिटांत ३१ वं नाव पुकारलं जातं आणि चित्र पार बदलतं. त्याच्यासाठी तक्ता नाही. संघाने त्याला एका वर्षाच्या किमान पगाराचा विनाहमी प्रस्ताव दिला की संघाची जबाबदारी संपली. एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानंतर दुसऱ्या फेरीच्या वरच्या टोकाला थोडं बरं झालंय, तिथल्या पुष्कळ मुलांना आता दोन-तीन वर्षांची हमी मिळते. पण ती वाटाघाटीत मिळते, हक्क म्हणून नाही. पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास बहुतेकांच्या हाती येतो तो टू-वे करार.

टू-वे म्हणजे मुलगा अर्धा एनबीएत, अर्धा जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये. एका संघात असे तीनच. २०२५-२६ मध्ये त्याचा पगार सुमारे ६ लाख ३६ हजार डॉलर होता, नवख्याच्या किमान पगाराच्या बरोबर निम्मा, आणि एनबीएचे जास्तीत जास्त ५० सामने. तोही मिळाला नाही तर साधा जी लीग करार: अख्ख्या मोसमाचे चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर आणि राहायची सोय. म्हणजे त्या एका वाक्यात चाळीस हजारांपासून काही दशलक्षांपर्यंत काहीही बसू शकतं. एजंटाला विचारायचं ते हे: कोणता संघ, त्या संघातला कोण माणूस हे म्हणाला, आणि कोणत्या प्रकारचा करार? यातलं एकही नाव त्याला सांगता येत नसेल, तर ते "नक्की" त्याच्या स्वतःच्या मनातलं आहे.

भारताशी जोडलेली दोन माणसं यासाठी मी नेहमी सांगतो. सतनामसिंग भमरा, पंजाबमधल्या बल्लोकेचा, ७ फूट २ इंच. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू. आपल्या वर्तमानपत्रांत केवढ्या बातम्या आल्या होत्या! पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही, दुय्यम लीगमधल्या टेक्सास लेजंड्सकडून तो खेळला. आता दुसरा, सिम भुल्लर. कॅनडात वाढलेला पंजाबी मुलगा, ७ फूट ५ इंच. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात दोन वर्षं खेळून त्याने २०१४ मध्ये ड्राफ्टला नाव टाकलं. कोणीच घेतलं नाही. सॅक्रामेंटोने त्याला आपल्या दुय्यम संघात ठेवलं, एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांचा करार दिला आणि तो तीन सामन्यांत मैदानात उतरला. भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू तो, ड्राफ्टमधून नाव न येताही. पुढची त्याची मोठी कारकीर्द तैवानमध्ये झाली. ड्राफ्टमध्ये नाव लागणं आणि एनबीएत खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घरच्यांच्या मनात बसलं, की निम्मी चर्चा सोपी होते.

याला आणखी एक बाजू आहे. ओक्लाहोमाच्या ऑस्टिन रीव्जने २०२१ मध्ये उशिराच्या निवडीपेक्षा ड्राफ्टबाहेर राहणं पसंत केलं, कारण बाहेर राहिलेल्या मुलाला संघ स्वतः निवडता येतो. त्याने लेकर्सचा टू-वे करार घेतला आणि पुढे त्यांच्या पहिल्या पाचात पोचला. पन्नाशीतल्या क्रमांकावर एखाद्या संघाच्या ताब्यात जाण्यापेक्षा, जिथे आपल्या जागेवर माणसं कमी आहेत असा संघ शोधणं काही वेळा शहाणपणाचं असतं. पण त्यासाठी एजंट खरोखर कामाचा लागतो.

आता कॉलेजकडच्या पारड्यात काय आहे ते पाहू, कारण गेल्या चार-पाच वर्षांत खरी उलथापालथ तिथे झाली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात एनसीएए या कॉलेज-खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेविरुद्ध ९-० असा निकाल दिला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर, प्रसिद्धीवर पैसे कमवायची मोकळीक मिळाली. यालाच सगळे एनआयएल म्हणतात. मग ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. तेव्हापासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर. यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल खातो. तरीसुद्धा मोठ्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या बास्केटबॉलपटूला वर्षाला दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणजे ज्या मुलाला ड्राफ्टमधून टू-वे मिळण्याची शक्यता होती, त्याला कॉलेजात त्याहून जास्त मिळतात, घर न सोडता, आपल्याच प्रेक्षकांसमोर.

ड्राफ्टच्या आकड्यांतही हे उतरलंय. २०२१ मध्ये ३५३ जणांनी मुदतीआधी नाव टाकलं होतं. तेव्हा कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाचाही परिणाम होता. २०२५ मध्ये तोच आकडा १०६ वर आला. उलट दिशेने युरोपातले तरुण व्यावसायिक कॉलेजात येऊ लागलेत. रिअल माद्रिदच्या व्यवस्थेत वाढलेला येगोर डोमिन ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून एक वर्ष खेळला आणि २०२५ मध्ये आठव्या क्रमांकावर गेला. बार्सिलोनाचा कास्पारस याकुचोनिस इलिनॉयमधून विसाव्या क्रमांकावर गेला. २०१८ मध्ये हे कोणी बोलून दाखवलं असतं तर आमच्या ऑफिसात कोणी विश्वास ठेवला नसता.

तुमचा भाचा मध्यम कॉन्फरन्समध्ये आहे, त्यामुळे त्याच्या सध्याच्या विद्यापीठाकडे एवढे पैसे असण्याची शक्यता कमी. इथे ट्रान्स्फर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीचा, विचार करावा लागतो. आता संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. यॅक्सेल लेंडेबोर्गचं उदाहरण ताजं आहे. बर्मिंगहॅमच्या यूएबी विद्यापीठाकडून खेळताना त्याने २०२५ मध्ये ड्राफ्टला नाव टाकलं, त्याच वेळी पोर्टलमध्ये जाऊन मिशिगनला होकार दिला, कम्बाइन (ड्राफ्टआधी एनबीए घेते ती चाचणी) केलं, आणि मेअखेरीस ड्राफ्टमधून नाव काढून मिशिगनला गेला. दोन्ही वाटा उघड्या ठेवून, माहिती गोळा करून घेतलेला निर्णय. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे: पोर्टलची मुदत एप्रिलमध्येच संपते, ड्राफ्टमधून नाव मागे घेण्याची मुदत मेच्या शेवटी येते. कॉलेज बदलायचा थोडाही विचार असेल तर पोर्टलमध्ये नाव आधीच जायला हवं. मे महिन्यात जाग आली तर ती वाट बंद झालेली असते. आणि भाच्याला सांगा की पोर्टलमध्ये नाव टाकणं म्हणजे सध्याच्या कोचला मोकळं करणं. ते त्याची जागा भरू शकतात, स्कॉलरशिप काढून घेऊ शकतात. आधी कोचच्या खोलीत जाऊन, समोर बसून बोलावं.

या पैशांबद्दल एक इशारा. ते बहुतेक वेळा पगार म्हणून येत नाहीत, स्वतंत्र व्यावसायिकाच्या उत्पन्नासारखे येतात. त्यातून कर आधी कापलेला नसतो. वीस वर्षांच्या मुलाच्या खात्यात रक्कम जमा होते, गाडी येते, मित्र वाढतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कर भरायची वेळ येते तेव्हा खातं रिकामं असतं. पहिल्या दिवसापासून एक तृतीयांश रक्कम वेगळ्या खात्यात टाका, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. करार वकिलाकडून वाचून घ्या. मध्येच कॉलेज सोडलं तर पैसे परत करायचे का, याचं कलम हमखास असतं आणि हमखास शेवटच्या पानावर असतं. एनबीएत एजंटाला जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात. कॉलेजच्या व्यवहारांत अशी घट्ट मर्यादा नाही आणि काही जण त्याच्या कितीतरी पट मागतात.

आता डिग्री. तुमच्या बहिणीची भावना मला परकी नाही. आपल्याकडे बास्केटबॉल खेळून फार तर रेल्वेत किंवा पोलिसांत क्रीडा कोट्यातून नोकरी लागते, आणि ज्याला तीही लागत नाही त्याला शिक्षणच तारतं. मी नागपूरच्या मैदानांवर वाढलो, माझ्या बरोबरच्या किती मुलांचं काय झालं ते मी पाहिलंय. पण अमेरिकेतल्या या विशिष्ट प्रश्नात डिग्री हे थांबायचं सगळ्यात कच्चं कारण आहे, कारण ती नंतर मिळवता येते. स्टीफन करी २००९ मध्ये डेव्हिडसनचं तिसरं वर्ष संपवून गेला, त्याने २०२२ मध्ये डिग्री पूर्ण केली. शॅकील ओनील १९९२ मध्ये लुइझियाना स्टेट सोडून गेला आणि २००० मध्ये पदवीधर झाला. आणि हे फक्त तारकांपुरतं नाही. २०१८ च्या सुधारणांनंतर डिव्हिजन वनमध्ये नियमच आला की स्कॉलरशिपवर किमान दोन वर्षं शिकून गेलेला बास्केटबॉलपटू दहा वर्षांच्या आत त्याच विद्यापीठात परतला, तर पहिली पदवी पुरी करायला विद्यापीठाने शिकवणीचा खर्च द्यायचा. भाच्याचं दुसरं वर्ष संपतंय. कोणताही निर्णय घेण्याआधी या सत्राच्या परीक्षा नीट देऊन, उत्तीर्ण होऊन, दोन वर्षं पूर्ण झाल्याची नोंद पक्की करून घ्या. ड्राफ्टच्या गडबडीत मुलं नेमका हाच महिना वाया घालवतात. मग कॉलेजात परतायची वेळ आली तर गुणांमुळे खेळायची पात्रताच अडते.

डिग्रीसाठीच थांबलेले मोठे खेळाडू आहेत, नाकारत नाही. टिम डंकनने आईला दिलेला शब्द पाळायला वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षं काढली आणि १९९७ मध्ये पहिल्याच क्रमांकावर गेला. पण तो टिम डंकन होता. दुसऱ्या वर्षानंतर गेला असता तरी फार खाली गेला नसता.

वय मात्र परत मिळत नाही. एनबीएचे संघ एकोणीस वर्षांच्या मुलात पुढची पाच वर्षं बघतात आणि तेवीस वर्षांच्या मुलात आजचा खेळ बघतात. कूपर फ्लॅग २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा फक्त अठरा वर्षांचा होता. नियम असा आहे की ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात १९ पूर्ण होणार असले पाहिजेत, आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून किमान एक मोसम उलटलेला हवा. २००५ च्या करारात हा नियम आला. त्याआधी केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स शाळेतूनच थेट गेले होते. म्हणजे थांबण्याचा प्रत्येक मोसम मुलाचं एक आकर्षण कमी करतो. त्या बदल्यात त्याच्या खेळात काहीतरी दिसण्याजोगं वाढलं, तरच तो मोसम फळतो.

जॅरेड सलिंजर २०११ मध्ये ओहायो स्टेटचं पहिलं वर्ष संपवून गेला असता तर बहुधा पहिल्या दहात लागला असता. तो परतला. दुसऱ्या वर्षी पाठीच्या दुखण्याची चर्चा सुरू झाली आणि २०१२ मध्ये २१ व्या क्रमांकावर गेला. दुसरीकडे पर्ड्यूचा झॅक ईडी, ७ फूट ४ इंच. २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरूनही संघांना त्याच्याबद्दल शंका होती. त्याने नाव टाकलं, ऐकून घेतलं, मागे घेतलं. पुढच्या वर्षी हलका आणि चपळ होऊन आला, पुन्हा सर्वोत्तम ठरला, पर्ड्यूला अंतिम सामन्यात नेलं आणि २०२४ मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. केंटकीचा ऑस्कर शिबवेही २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम होता, तोही परतला, रिबाउंडचे ढीग घातले, आणि २०२३ मध्ये त्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. फरक काय? ईडीबद्दल शंका होती ती त्याच्या हालचालीविषयी, आणि त्याने तीच हालचाल सुधारून दाखवली. शिबवेबद्दल शंका होती की त्याच्या जागेवर खेळायला उंची कमी आहे, शॉट आणि बचाव पुरेसे नाहीत. त्या गोष्टी वर्षभरात बदलल्या नाहीत, म्हणून वाढलेल्या आकड्यांचा उपयोग झाला नाही.

तेव्हा भाच्याने थांबायचं ठरवलं तर "का" याचं उत्तर एका कौशल्याच्या नावाने देता आलं पाहिजे. मला १३ गुणांची सरासरी फार काही सांगत नाही. एनबीएत त्याच्या हातात बॉल नसणार. बॉल दुसऱ्याच्या हातात असेल, भाचा कोपऱ्यात उभा असेल आणि त्याने दोनच गोष्टी करायच्या असतील: पास आला की शॉट पाडणं, आणि समोरच्या गार्डला अडवणं. कॉलेजची तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. ३४ टक्के हे कॉलेजच्या रेषेवरून आहेत. त्याचे फ्री थ्रो किती टक्के पडतात ते मला कळवा, शॉट पुढे सुधारेल का याचा अंदाज त्यावरून जास्त चांगला येतो. ८० च्या वर असेल तर हात चांगला आहे, पाय आणि अंतर यांवर काम करता येईल. ६५ असेल तर शॉटची रचनाच बदलावी लागेल, आणि ते काम एनबीएच्या धावपळीत होत नाही, कॉलेजच्या उन्हाळ्यात होतं. हात पसरून मोजलेली लांबीही कळवा. जेलन विल्यम्स सांता क्लारासारख्या लहान विद्यापीठात तीन वर्षं खेळला. मे २०२२ मध्ये शिकागोच्या कम्बाइनला आला तेव्हा त्याच्या पसरलेल्या हातांची लांबी ७ फूट २ इंचांच्या वर भरली, सरावसामन्यांत तो उत्तम खेळला आणि जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं. मध्यम कॉन्फरन्समधल्या मुलांना मी त्याचे व्हिडिओ दाखवतो.

नाव टाकायचा खरा फायदा या माहितीत आहे. २०१६ पासून नियम असा झाला की कम्बाइननंतर दहा दिवसांपर्यंत, म्हणजे साधारण मेच्या शेवटापर्यंत, नाव मागे घेऊन कॉलेजात परतता येतं. ती तारीख एनसीएएची. एनबीएची स्वतःची मुदत ड्राफ्टच्या दहा दिवस आधी असते, पण तोपर्यंत थांबलात तर कॉलेजचं दार बंद झालेलं असतं. दोन तारखांचा गोंधळ करून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, तेव्हा पहिली तारीख भिंतीवर लिहून ठेवा. नाव टाकण्याआधी कोचमार्फत एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट सल्लागार समितीकडून लेखी अंदाज मागवा. संघांच्या लोकांनी दिलेला तो अंदाज गुप्त असतो आणि सरळ असतो: लॉटरी (पहिल्या फेरीतल्या सगळ्यात वरच्या निवडी), पहिली फेरी, दुसरी फेरी की काहीच नाही. तो मागवला असेल तर एनसीएएच्या मान्यताप्राप्त एजंटाची मदत घेता येते. करार लेखी हवा, आणि मुलगा परतला की संपायला हवा. फोन करणारे तुमचे एजंट त्या यादीत आहेत का, हे आधी तपासा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

मग संघांच्या वर्कआउटची बोलावणी येतात की नाही ते बघायचं. कम्बाइनला सत्तरेक मुलं बोलावली जातात. भाच्याला तिथलं निमंत्रण नाही, जी लीगच्या शिबिराचंही नाही, आणि स्वतःहून बोलावणारे संघ एक-दोनच, असं झालं तर उत्तर मिळालेलं आहे. बोलावणी आली तर प्रत्येक वर्कआउटनंतर त्याने एकच गोष्ट विचारावी: "मला घेतलं नाही तर कारण काय असेल?" संघांची माणसं याचं उत्तर प्रामाणिकपणे देतात. गोड बोलायला त्यांच्याकडे वेळ नसतो. ती उत्तरं लिहून ठेवा. चार संघांनी एकच उणीव सांगितली, तर पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम तुमच्या हातात आला.

"एकदा गेलो तर परतता येतं का?" असंही हल्ली मुलं विचारतात, कारण रेषा पुसट झाली आहे. जी लीगमध्ये पगार घेऊन खेळलेले थिएरी डार्लान आणि लंडन जॉन्सन यांना २०२५ मध्ये कॉलेजात प्रवेश मिळाला. २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये ३१ वा आलेला जेम्स नाजी डिसेंबर २०२५ मध्ये बेलर विद्यापीठात गेला, त्याने एनबीएचा करार कधी केलेला नव्हता. पण अलाबामाचा चार्ल्स बेडियाको टू-वे करार करून गेलेला होता. जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशावर परतला, काही सामने खेळला आणि मग न्यायालयाने तो आदेश पुढे चालू ठेवायला नकार दिला. असल्या भरवशावर वीस वर्षांच्या मुलाची आखणी करू नये. एनबीएच्या कोणत्याही करारावर सही म्हणजे कॉलेज संपलं, असंच धरून चाला.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांचे पालकही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. एफ-१ व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिराती, कार्यक्रम असं काम करून पैसे घेणं व्हिसाच्या अटींत अडकतं. ईडी कॅनडाचा, म्हणून देशात सर्वोत्तम ठरूनही त्याला सहकाऱ्यांसारखी कमाई करता आली नाही. कांगोच्या शिबवेने केंटकीचा संघ २०२२ च्या उन्हाळ्यात बहामासला गेला तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, आपले व्यवहार उरकले. त्यामुळे कॉलेजातल्या पैशांची वर केलेली मांडणी या मुलांना जशीच्या तशी लागू नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकील आणि विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, दोघांनाही विचारायचं. तुमचा भाचा जन्माने अमेरिकन नागरिक आहे, त्याला ही अडचण नाही.

आता तुमच्या घरातली गोष्ट. आई डिग्री म्हणते, वडील संधी म्हणतात, आणि दोघंही त्याच्या बाजूने बोलतायत. पण त्याला ते दोन पक्ष वाटतात आणि कोणाचाही पक्ष घेतला की दुसरा दुखावणार, म्हणून तो गप्प आहे. असा गप्प मुलगा शेवटी ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याचं ऐकतो, आणि आत्ता तो आवाज एजंटाचा आहे. मामा म्हणून तुमचं काम मत देणं नाही, असं मला मनापासून वाटतं. त्याला बोलतं करा. सामन्याच्या कोणत्या क्षणी त्याला आपण कमी पडतो असं वाटतं, हे विचारा. मुलाला ते माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही. आणि एक गोष्ट त्याच्या आईवडिलांना तुम्हीच विचारा, त्याला ती विचारता येणार नाही: पैसे कोणासाठी हवे आहेत? घराचं कर्ज, धाकटीची फी, वडिलांची गेलेली नोकरी, यांतलं काही त्याच्या डोक्यावर असेल तर तो खेळाचा निर्णय घेत नाही, घराचा घेतो. तसं असेल तर लपवू नका. मग टू-वेचे सहा लाख आणि कॉलेजचे पैसे यांचा हिशोब वेगळ्या पद्धतीने मांडावा लागेल, आणि तसा मांडण्यात काही कमीपणा नाही.

मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात: फ्री थ्रोची टक्केवारी, हातांची लांबी, जन्मतारीख, आणि एजंटाने ज्या संघांची नावं घेतली असतील ती. सल्लागार समितीचा अंदाज आला की तोही कळवा, म्हणजे आपण तिघं, तुम्ही, मी आणि तो, एकदा फोनवर बसू. आईवडिलांना त्या फोनवर घ्यायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या.